नमुना घेणारा : धर्माजी भोईर

धर्माजी भोईर कुणाच्या घरी पाणी प्यायचा नाही, म्हणून अर्ध्या पनवेलचा त्याच्यावर राग होता. उरलेल्या अर्ध्याचा का होता ते ओघात येईलच. माझाही राग आहे, इतक्या वर्षांनी अजून आहे, पण तो भोईरवर नाही. कुणाकुणावर आहे ते सांगायलाच बसले आहे, आणि त्या यादीत माझंही नाव आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दादर-गिरगावातली माणसं पनवेलच्या आजूबाजूला प्लॉट घेऊन बंगले बांधायला लागली होती. नळाचं पाणी सगळीकडे पोचलेलं नव्हतं, आणि जिथे पोचलं होतं तिथे ते एक दिवसाआड करंगळीएवढ्या धारेने यायचं. त्यामुळे ज्याला त्याला घरची विहीर हवी. घराची परवानगी पक्की व्हायची तर त्या विहिरीचं पाणी तपासून 'पिण्यास योग्य' असा दाखला लागायचा, आणि विहीर संडासाच्या टाकीपासून पन्नास फूट लांब असावी लागायची. तो दाखला आमच्या सरकारी पाणी-तपासणी कचेरीतून मिळायचा. टाइप मी करायची. विहिरीवर जाऊन पाणी आणायचा भोईर.

सायकलच्या कॅरिअरला लाकडी खोकं, खोक्यात काचेच्या बाटल्या. त्या तो स्वतः धुवायचा, वाफेवर शिजवायचा, आणि बुचावर खाकी कागद घालून दोऱ्याने बांधायचा. बाटलीला दगड बांधून ती दोरीने विहिरीत सोडायची, आत भरली की वर ओढायची. बूच काढल्यापासून परत लावेपर्यंत तो श्वासही बेतानेच घेत असावा. मधे कुणी बोललं तर ती बाटली ओतून द्यायचा आणि दुसरी काढायचा. सायकलच्या दांडीला तेलरंगाचा एक डबाही लटकलेला असायचा, लाल. पाणी नापास झालं की विहिरीच्या कठड्याला त्याने वीतभर रुंद लाल पट्टा मारलाच म्हणून समजा.

आणि खांद्याला त्याची स्वतःची ॲल्युमिनियमची बाटली. त्यातलंच पाणी तो दिवसभर प्यायचा. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग काम. हा म्हणायचा, "नको. तेच तर तपासायला आलोय." बायका तांब्या-भांडं हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. मात्र पाणी पास झालं, की दाखला पोस्टाने जायच्या आधी भोईर सायकल मारत त्या घरी पुन्हा हजर. "आता दे," म्हणायचा. तांब्याभर पाणी उभ्या उभ्या, वरून, घटाघटा प्यायचा, मिशी पुसायचा आणि निघायचा. लोकांना त्या दाखल्यापेक्षा हा तांब्या जास्त खरा वाटायचा. कितीतरी घरांतून मला सांगितलंय, "अहो, भोईर पिऊन गेला, आता काळजी नाही."

तो पनवेलजवळच्या कोन गावचा. बाप मिठागरावर राबलेला, आणि हाही पोरवयात तिथेच. शिक्षण चौथी. बोलायला सोपा मुळीच नव्हता. मला 'बाय' म्हणायचा, ते ठीक, पण साहेबालाही अरे-तुरे करायचा, कारण त्याच्या गावात देवालाही तसंच करतात. कुणाची तारीफ त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. सख्ख्या भावाच्या विहिरीला त्याने लाल पट्टा मारला होता, आणि पुतणीच्या लग्नात पंगतीला बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याला. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता. मी म्हटलं, "भोईरमामा, एक दिवस नसतं चाललं का?" तर म्हणाला, "बाय, पोट काय लग्नाची तारीख बघतं?"

एक वाक्य तो सारखं म्हणायचा. "खारं पानी बरं. ते तोंडावर सांगतं, मी खारं हाय. गोड पान्याचा काय भरवसा नाय." मिठागरवाल्याच्या जिभेला दहा विहिरींची दहा पाणी वेगळी कळायची. पण जिभेला फक्त खारटपणा कळतो, घाण कळत नाही, हे त्याला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं आमच्या डिग्रीवाल्यांनाही नव्हतं.

लोक मला विचारायचे, याच्या घरात कुणी पाण्याने दगावलं होतं का हो? म्हणून हा असा आहे का? कुणीही दगावलं नव्हतं. तो नोकरी करत होता. माणूस नेमून दिलेलं काम नीट करतो याला आपल्याकडे काहीतरी दुःखद कारण शोधावं लागतं, याचा मला तेव्हाही संताप यायचा.

एकदा फार गंमत झाली. खारघरच्या बाजूला निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, कर्णिकबाई. भोईर पोचला तेव्हा दोरी अडकली की काय झालं, पण बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी भरून आणते." आणि त्याचीच बाटली घेऊन आत गेल्या. भोईरने बाटली हातात घेतली तर कोमट. बूच काढून वास घेतला. मग म्हणाला, "बाई, तुज्या विहिरीत वाळा उगवलाय काय?" बाईंनी पाणी उकळून, फडक्याने गाळून, वर वाळा घालून ठेवलं होतं, त्यातलं दिलं. "सरकारी माणसाला विहिरीतलं तसंच कसं द्यायचं? बरं दिसतं का?" असं बाईंचं म्हणणं. लबाडी नव्हती हो, उलट पाहुणचार होता. पण त्या दिवसापासून भोईरने कुणाच्या हातची बाटली घेतली नाही. कचेरीत येऊन मला म्हणाला, "लोकांना वाटतं, आपन त्यांची परीक्षा घेतो. म्हनून ते चांगलं पानी दाखवतात. परीक्षा त्यांची नाय, विहिरीची हाय."

हे आमच्या नव्या साहेबांना कळलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. त्यांचं नाव घेत नाही. जिवंत आहेत, नातवंडांत सुखात आहेत. साहेब आले तेव्हा अर्जांचा ढीग माझ्या टेबलावर छातीएवढा. बिल्डर मंडळी रोज येऊन बसायची. एकटा भोईर आणि एक सायकल, किती विहिरी होणार? दुसरा माणूस मागायचा सोडून साहेबांनी फतवा काढला की अर्जदाराने पाणी स्वतःच आणून द्यावं, स्वच्छ बाटलीत, अर्धा लिटर.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर सरबताच्या बाटल्या, हॉर्लिक्सच्या बरण्या, औषधाच्या, गुलाबपाण्याच्या, आणि दारूच्या चपट्या. एकीवर खोबरेल तेलाचा तवंग होता. भोईर दारात उभा राहून बघत होता. "बाय, हे पानी तपासायचं का बाटल्या?" मी हसले. हसायला नको होतं.

आता माझं पाप सांगते. दाखल्याच्या छापील नमुन्यात एक रकाना होता, 'नमुना घेणारा'. आजवर तिथे एकच नाव यायचं, ध. रा. भोईर, कारण दुसरा माणूसच नव्हता. माझी बोटं ते आपोआप टाइप करायची. लोक स्वतः पाणी आणायला लागले, पण रकाना तसाच राहिला आणि बोटंही. एकदा मी साहेबांना विचारलं, "इथे आता काय लिहू?" साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "नेहमीचं लिहा हो." मी नेहमीचं लिहिलं. भोईरला इंग्रजी टायपिंग वाचता यायचं नाही, आणि मी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही, हे त्याहून वाईट.

मग ती सहा घरं आली. खाडीच्या अंगाला, सखल जागेत, एका बिल्डरने ओळीने बांधलेली. सहांना मिळून एक विहीर आणि एकच संडासाची टाकी. नकाशात अंतर बावन्न फूट. पाण्याची बाटली बिल्डरचा माणूस घेऊन आला, चांगली लेबल काढून घासलेली. तपासणीत पाणी उत्तम निघालं. भोईरने तपासून उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि मोरीत थुंकला.

"हे तिथलं नाय," म्हणाला. "त्या पट्ट्यात गोड पानी लागतच नाय. हे पळस्प्याकडचं हाय, डोंगराच्या अंगाचं."

तो साहेबांच्या खोलीत गेला. मी दारातच होते, त्यामुळे सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, "भोईर, जीभ हे सरकारी उपकरण नाही."

"मग मी जाऊन बाटली भरून आनतो."

"तुम्ही बाटल्या धुवा."

दाखला गेला. मीच टाइप केला. नमुना घेणारा, ध. रा. भोईर.

त्याच रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो आपली सायकल काढून तिथे गेला. विहिरीपासून टाकीपर्यंत पावलं मोजली. वीस फूटसुद्धा नाही. पाणी काढलं आणि पट्टीच्या बाटलीत घातलं. त्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, पाण्यात घाण असेल तर दोन दिवसांत पाणी काळं पडतं. हे एका रात्रीत शाईसारखं झालं. सकाळी त्याने ती बाटली साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब म्हणाले, हा नमुना अनधिकृत आहे, आणि ती उचलायला लावली.

भोईरने विहिरीला लाल पट्टा मारला. बिल्डरने चुना फासला. भोईरने पुन्हा मारला. पुन्हा चुना. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सहा घरांची माणसं जमली. दोन-तीन महिन्यांपूर्वी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली ती माणसं. त्यांना दारातल्या विहिरीवरचा लाल पट्टा कसा सोसवणार? चार नंबरच्या घरातल्या जोशीकाकू पुढे झाल्या. त्यांची सून मृदुला पोटुशी होती, सातवा महिना. काकूंनी त्यातही रीत सोडली नाही, आधी पाणी आणलं. भोईर म्हणाला, "नको. तूबी पिऊ नको. आनि या पोरीला तर मुळीच देऊ नको. पोटुशीला या पान्याची कावीळ झाली तर उरत नाय."

अशा वेळी अशा घरात असं बोलतात का? नाही बोलत. त्याला गोड बोलता यायचं नाही, हा त्याचा दोष मी कबूल करते. काकूंनी भांडं कठड्यावर आपटलं. त्या म्हणाल्या, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. माझ्या दारात उभं राहून माझ्या सुनेला अभद्र बोलता?" आणि आतून दाखला आणला, फ्रेम केलेला. देवघराशेजारी लावला होता. "हे बघा. तुमच्याच कचेरीचा आहे. आणि हे नाव कुणाचं? वाचा."

भोईरला वाचता येईना. काकूंच्या मुलाने वाचून दाखवलं. नमुना घेणारा, ध. रा. भोईर.

हे मला काकूंच्या शेजारणीने नंतर सांगितलं. म्हणाली, त्या माणसाने रंगाचा डबा सायकलला अडकवला आणि गेला. जाताना सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, चहापाण्याला काही मिळालं नसेल म्हणून आला असणार.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. म्हणाला, "बाय, माझं नाव लावलंस?" मी म्हटलं, "रकाना तसाच आहे, भोईरमामा. साहेब म्हणाले नेहमीचं लिहा." त्याने टाइपरायटरवर बोट ठेवलं. "आजवर ज्या दाखल्यावर माझं नाव, त्या घरी मी पानी प्यालोय," म्हणाला आणि बाटल्या धुवायला गेला. त्या दिवशी तरी मी ते कागद फाडायला हवे होते. नाही फाडले.

पावसाळ्यात टाकी भरून वाहिली. सहा घरांत कावीळ आली. बाकीचे पिवळे पडले आणि उठले. मृदुला नाही उठली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली होती. मूलही गेलं. तेवीस वर्षांची होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि अजूनही दर श्रावणात ती मला आठवते.

मग चौकशी. वरून अधिकारी आले, लांब टेबल लागलं, बिस्किटं आली. बिल्डर म्हणाला, माझ्याकडे दाखला आहे. साहेब म्हणाले, आम्ही नमुन्यावर विश्वास ठेवतो, नमुना घेणाऱ्याचं नाव कागदावर आहे. जोशीकाकूंचा मुलगा ओक्साबोक्शी रडत म्हणाला, हाच माणूस आमच्याकडे येऊन धमकावत होता. सगळ्यांची बोटं एका माणसाकडे, आणि तो माणूस खुर्ची दिलेली असून उभा.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "बाई, नमुना कोणी घेतला?"

मी म्हटलं, "कागदावर आहे तेच."

एवढंच बोलले. खोटं नव्हतं ना? कागदावर तेच होतं. साहेबांनी आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे समजावलं होतं, की चुकीची नोंद कुणाच्या हातची आहे ते बघितलं जाईल, तुमची नोकरी अजून बारा वर्षं आहे. मला नोकरी हवी होती. दुसरं काही मोठं कारण नाही, आणि मी ते शोधायलाही जात नाही. भोईरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अधिकाऱ्यांना म्हणाला, "तुमी त्या विहिरीचं पानी काढा आनि जिभेला लावा. खारं हाय का गोड, एवढं बघा." कुणी गेलं नाही. बिस्किटं संपली होती.

निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती त्याची. निलंबित केलं आणि घरी बसवलं.

तीन वर्षांनी आम्हीही घर बांधलं. विहीर खणली, पाणी लागलं, अर्ज केला. नियमाप्रमाणे मीच अर्धा लिटर पाणी नेलं आणि मीच टाइप केलेला दाखला मला मिळाला. पिण्यास योग्य. तो हातात घेतला आणि माझ्या घशाखाली त्या विहिरीचं पाणी उतरेना. असले शेकडो दाखले मी लोकांना दिले होते, पण माझ्या पोरांना त्यातल्या एकाच्या भरवशावर पाणी द्यायची माझी छाती झाली नाही. ह्यांना वाटलं मला वेड लागलं.

एप्रिल होता. मी एक बाटली भरली आणि कोनला गेले. भोईर ओट्यावर दोरी वळत बसला होता, वाळला होता. मला बघून उठला नाही. त्याच्या बायकोने पाणी आणलं. तो म्हणाला, "पी. तपासलेलं हाय." मी प्याले. मग पिशवीतून माझी बाटली काढली आणि म्हटलं, "भोईरमामा, आमच्या विहिरीचं आहे. एवढं बघाल का?"

त्याने बाटली घेतली. उन्हात धरली. ओट्याखाली केळ होती, तिच्या बुंध्याशी सगळी ओतली आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

"तूबी बाटली घेऊन आलीस," म्हणाला.

मला वाटलं आता जा म्हणेल. मी जायला उठलेही. पण तो आत गेला, आणि खाकी कागदात बांधलेली एक बाटली आणि एक पट्टीवाली घेऊन आला. टोपी घातली. माझ्याबरोबर एसटीने आला. विहीर पाहिली, टाकीपर्यंत पावलं मोजली, दोरी सोडली, पाणी काढलं आणि गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. भोईर. एका हातात काळी पडलेली बाटली, दुसऱ्या हातात तो लाल रंगाचा डबा. तो कठड्याशी उकिडवा बसला आणि वीतभर रुंद पट्टा ओढायला लागला, सावकाश, पूर्ण गोल फिरत. आमचे हे बाहेर आले, म्हणाले, "अहो, दाखला आहे आमच्याकडे." मी त्यांना आत जायला सांगितलं, आणि माझ्या आवाजात असं काही असावं की ते गेले.

पट्टा पुरा झाला. त्याने ब्रश गवताला पुसला आणि काळी बाटली कठड्यावर ठेवली. "टाकी तिकडं लांब हलव, मग विहीर उपस. मग बघू." निघता निघता थांबला.

"आनि बाय, आता लाव माझं नाव त्या खान्यात. हा नमुना मीच घेतलाय."

सवयीने माझ्या तोंडातून एवढंच गेलं, "पाणी तरी घ्या, भोईरमामा." दुसरं येतं काय आपल्याला?

त्याने विहिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खांद्याची बाटली हलवून पाहिली, ती रिकामी होती. रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. तो स्टँडच्या दिशेने चालत गेला, डबा हातात घेऊन, पाणी न पिता.